परक्या नदीकाठचा संकल्प

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या नातवाचा जन्मही झाला नव्हता. तो आता मद्रासजवळच्या एका कोरियन मोटार कारखान्यात इंजिनियर आहे. असले कारखाने आपल्याकडे येतील, हे तुमच्या काळी कोणी सांगितले असते तर तुम्ही त्याची नाडी पाहिली असती. कारखान्याने त्याला काही महिने कोरियाला शिकायला पाठवले, तेव्हा त्याने मलाही थोड्या दिवसांसाठी बोलावून घेतले. खरे तर असे कधी घडले तर आम्ही दोघांनी जायचे, असे पूर्वीच ठरले होते. तुमची सून म्हणाली होती, "तिथं नदी आहे का? मग येते. पण कचेरीला निघाल्यासारखं पुढं पुढं चालायचं नाही हं." ती गेली, त्याला दोन वर्षे होतील.

त्याने मला फिरायला नेले ते गाव आपल्या तंजावुरासारखेच, राज्य गेलेल्या राजांचे. नदीच्या कडेने पायवाट आहे, सपाट आणि सोपी, म्हाताऱ्यालाही दम लागू नये अशी. डाव्या हाताला राजांच्या समाध्या, म्हणजे नुसते गवताचे गोल उंचवटे. पुढे जोडे काढून चढायचा लाकडी मंडप लागतो. त्याच्या पलीकडे जुनी पाठशाळा. तिथे मुले गुरूच्या पाठोपाठ ग्रंथ म्हणत असत, असे मुलगा फलक वाचून सांगतो. मला तुमची आठवण झाली. ती सगळी वाट मी हळू चाललो. आता तसे चालण्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

त्या दिवशी अमावास्या होती. तर्पणासाठी तीळ आणि दर्भ मी तंजावुराहूनच नेले होते. पाठशाळेच्या खाली पाण्यात उतरायला दगड होते. मुलाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, "अप्पा, लवकर सांगा. लोक बघतात." आईचे तर्पण करायचे त्याने, त्याला पाठ नाही, म्हणून एकेक शब्द मी सांगायचा आणि त्याने म्हणायचा.

तुम्हांला आठवते का? माझी मुंज नुकतीच झाली आहे, तिरुवैयारूच्या घाटावर तुम्ही मला स्नानाचा संकल्प म्हणायला लावता आणि मी घरच्या सवयीने 'कावेरीच्या दक्षिण तीरावर' म्हणून जातो. तुम्ही माझ्या ओंजळीतले पाणी सांडता. "आज आपण उत्तर तीरावर आहोत. कुठं उभा आहेस ते ज्याला सांगता येत नाही, त्याचं पाणी कुठं जाणार? पुन्हा म्हण." मी थंडीने कुडकुडत पुन्हा म्हणतो. एवढ्याशा चुकीसाठी, बाबा. नदी तरी बरोबर होती.

त्या परक्या पाण्यात मुलगा ओंजळ धरून उभा होता आणि मी सांगत होतो. देशाचे, तीराचे शब्द आले तेव्हा माझ्या तोंडून निघाले, कावेरीच्या दक्षिण तीरावर. मुलाने ते जसेच्या तसे म्हटले. तो अडखळला नाही, त्याने वर पाहिले नाही. तीळ पाण्याबरोबर वाहून गेले. मग बरोबर झाले ना, अशा अर्थी त्याने तमिळ शब्द घालून विचारले, "शरि आहे न, अप्पा?" मी म्हणालो, "शरि."

त्याच्या जागी मी, तुमचा मुलगा, असतो तर थांबलो असतो. माझ्यानंतर हा स्वतः कधी संकल्प म्हणेल, असे मला वाटत नाही. म्हटलाच, तर चुकला हे सांगायला कोणी उरणार नाही. आपल्या घरी हे इथवरच आले.

हे पत्र टेबलावर उघडे राहिले तरी चालेल. माझ्याखेरीज देवनागरी वाचणारी घरात तुमची सून एकटीच होती. म्हणून लिहितो: कावेरी म्हटल्याची चूक माझ्या त्याच क्षणी लक्षात आली होती. ओंजळीत पाणी अजून होते, पुन्हा म्हणवून घेता आले असते. मी घेतले नाही. त्या सबंध नदीकाठी तिच्या ओळखीचा तेवढा एकच शब्द होता.