पोळ्याच्या दिवशी ट्रायलवरचा बैल

आबा,

तुमचा खोकला आता तरी थांबला का? आईचे गुडघे कसे आहेत? आत्याला अजून अंधुकच दिसतं का? आणि आपला पांढरा बैल, त्याचा सोललेला खांदा भरला का? तुम्ही सगळे आता वर एकाच ठिकाणी असाल असं धरून विचारतोय. आमचं इथे म्युनिकजवळ बरं चाललंय. माझं बीपी गोळीवर आहे, हिची पाठ अधूनमधून कुरकुरते.

तुम्ही न पाहिलेली तुमची नात इथे बैलांवर पीएच.डी. करते. मांसासाठी पाळलेले बैल, आबा, ते लपवत नाही. मला शाळा फारशी नाही, पण तिची पुस्तकं चाळून थोडं समजून घेतलंय. कोणत्या बैलाचं खाल्लेलं अंगी लागतं, हे ती मोजते. वाढ सारखीच पण चारा कमी, असा बैल सापडला तर त्याची पुढची पिढी थोड्या रानात पोसता येईल. प्रत्येकाच्या कानात बिल्ला असतो; तो ओळखला की गव्हाणीचं फाटक उघडतं आणि खालचा काटा किती खाल्लं ते टिपतो. अंगाचं वजनही एकदा करून भागत नाही, पाणी पिऊन आलेला बैल उगाच भारी भरतो. हे ऐकताना मला आपला गोठा दिसतो. मी लहान आहे, "पांढरा अख्खी पाटी खातो" असं ऐटीत सांगतोय, आणि तुम्ही गव्हाणीखालचा तुडवलेला कडबा दाखवून म्हणताय, "मग हा कोणी खाल्ला, तुझ्या मामानं?"

परवा पोळा होता. हिने पुरणपोळ्या केल्या आणि आम्ही पोरीबरोबर तिचा गोठा बघायला गेलो. पोरगी जरा पलीकडे वळली, तेवढ्यात हिने पाहुण्यांना देतात त्या निळ्या कोटाच्या खिशातून पोळी काढून एका तांबूस बैलाच्या तोंडात सारली.

"अगं आई! तो ट्रायलवर आहे!"

"एक पोळी तर दिली. सणाला तोंड गोड नको करायला त्याचं?"

"ती काट्यावर आली नाही ना पण! आज मी पोळी खपवून घेतली, की उद्या कुणी बादलीभर खाऊ घालेल. मग माझ्या आकड्यांवर विश्वास कोण ठेवणार?"

तिने तिथूनच प्रोफेसरबाईंना फोन लावला. हिचा चेहरा एवढासा झाला. तो बैल बाद झाला तर त्याच्यामागची पोरीची सगळी मेहनत पाण्यात. बाईंनी आधी चांगलंच झापलं असावं, बाहेरचं खाणं गोठ्यात आणायचंच नसतं. पोरगी नुसती "या, गेनाऊ", म्हणजे 'हो, बरोबर', म्हणत उभी. मग फोन ठेवून हसली. त्या दिवसाचा आकडा वगळायचा, का वगळला ते नोंदवायचं, बैल राहणार.

"मोजणी इतकी लांबवर चालते ती याचसाठी, बाबा," ती म्हणाली. "एखादा दिवस बिघडतोच. तो झाकायचा नाही, एवढंच."

माझी छाती फुगली, आबा.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, तिने हळूच विचारलं, "आजोबांना आवडलं असतं का माझं काम?" मी म्हणालो, "खूप." खरं तर मला ठाऊक नाही. तुम्ही म्हाताऱ्या बैलालासुद्धा कधी बाजार दाखवला नाहीत. पण तिच्या तोंडाकडे बघून तुमच्या वतीने होकार देऊन बसलोय. रागवायचं असेल तर मला रागवा. तिला मात्र दोन ओळी लवकर लिहा.