संत परास्केवीचे डोळे

थेसालोनिकी, वरची आळी
सोमवार, ३ ऑगस्ट १९५९

प्रिय उरानिया,

शनिवारी बसवाल्या सोतिरिसकडून तुझी पेटी मिळाली. पांढरा घेवडा, अक्रोड, सुक्या मिरच्यांची माळ, शेळीच्या दुधाचं चीज, आणि चिंधीत गुंडाळलेला चांदीचा पातळ पत्रा, दोन डोळे उठवलेला. हमालीसकट अठरा द्राख्मा दिले. चीज देवमातेच्या उपासात चालत नाही, म्हणून मिठाच्या पाण्यात घालून ठेवलंय. तू एकदम इतकं कधी पाठवत नाहीस. आणि नवसाचा पत्रा तर तू परास्केवीच्या सणाच्या दिवशी स्वतःच्या हातानं त्या डोळ्यांच्या संतिणीपुढे टांगायचीस, आठ दिवसांपूर्वी सणाला इथेच होतीस की. तो मागाहून का आला हे शनिवारी माझ्या डोक्यात आलं नाही. काल आलं, आणि आता घाईघाईनं लिहितेय. अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच, पण सगळं वाच, आणि वाचून होईपर्यंत स्टेर्योच्या डोळ्यांत काही घालू नकोस.

पोर कसं आहे गं? सणाला आणलंस तेव्हा त्याचा उजवा डोळा दुधाळ झाला होता. माझ्या चेहऱ्यावर हात फिरवून म्हणाला, मावशी, तुझ्या घरात दिवसा पण दिवे लावत नाहीत का. मी म्हटलं, तेल महाग आहे रे राजा. तू हसलीस, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाहीस. तुझी सासू तुला काय काय ऐकवते ते मला माहीत आहे. पाच वर्षांच्या पोराची आई आहेस, मी तुला शहाणपण काय शिकवणार. मला तर मूलही नाही.

आमच्या गल्लीतलं ते देऊळ तुझ्या भाऊजींनी चुन्याखालून बाहेर काढलं, हे तुला ठाऊक आहे. शाळेतल्या पगारातून शिडी घेतली, ब्रश घेतले, आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या बायझंटाइन चितारी लोकांचं भिंतीवरचं काम बोटाबोटानं उघडं केलं. दर रविवारी प्रार्थना आटोपली की विद्यार्थ्यांना घेऊन यायचे. शेजारची झाफिरो दारातून म्हणायची, पोलिक्सेनी, तुझ्या मास्तरांनी आता संतांनाही शाळेत बसवलंय. हे तिला म्हणायचे, तूही बस, फी माफ. भिंतीवरच्या बहुतेक संतांचे डोळे खरवडलेले. मुलं एकसुरात सांगायची, तुर्कांनी केलं. हे नकारार्थी मान हलवायचे. म्हणायचे, तुर्कांनी पुष्कळ काही केलं, पण हे आपल्या आज्यांनी केलंय. पोराचे डोळे आले की संताच्या डोळ्याची पूड काढायची आणि पाण्यात कालवून लावायची. यावरून ह्यांना धर्मगुरूंनी झापलं, वर्तमानपत्रात शिव्या आल्या. पण त्या बायांना हे कधी अडाणी म्हणाले नाहीत. त्या भोकांवर बोट न टेकवता मुलांना सांगायचे, नीट बघा, प्रत्येक भोकामागे कुणाचं तरी आजारी लेकरू आहे.

तिच्यावर चुना सगळ्यात आधी चढला म्हणून पुरती शाबूत राहिलेली एकटी परास्केवीच, हातातल्या ताटलीत स्वतःचे डोळे धरून उभी. हे गेल्यावर किल्ली माझ्याकडे आली. रविवारी विद्यार्थ्यांचं येणंही थांबलं नाही. ह्यांचा जुना विद्यार्थी आर्गिरिस आता पुराणवस्तूंच्या कचेरीत आहे, तोच त्यांना आणतो. सणाच्या संध्याकाळी तू म्हणालीस, ताई, किल्ली दे, एकटीनं दिवा लावून येते. मी भांडी घासत होते. परत आलीस तेव्हा तुझ्या बाहीला पांढरं लागलं होतं, मला वाटलं पिठाचं असेल, मी झटकलंसुद्धा.

काल आर्गिरिस मुलांना घेऊन आला. मी मागे मेणबत्त्यांचे तुकडे वेचत होते. तो बोलता बोलता थांबला. संतिणीच्या चेहऱ्यातला एक डोळा नव्हता, आणि ताटलीतलाही एक. खाली ताजी पूड पडलेली. मुलांतला एक म्हणाला, तुर्क आले होते वाटतं. आर्गिरिसनं मला विचारलं, काकू, किल्ली कुणाकुणाकडे जाते? मी म्हटलं, माझ्याकडेच असते. मला वाटलं आता भिंतीसाठी रडेल, मास्तरांचं जन्माचं काम. पण तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, काकू, भिंतीचं नंतर बघू, ही पूड कुणी नेली ते आधी कळायला हवं. तेव्हा तुझ्या बाहीवरचं पांढरं आठवलं, आणि काढलेल्या डोळ्यांच्या बदल्यात तू चांदीचे डोळे पाठवलेस हे कळलं.

उरानिया, गेल्या वसंतात त्या भिंतीला बुरशी आली होती. आर्गिरिसच्या माणसांनी नाकाला फडकी बांधून संतिणीच्या चेहऱ्याच्या आत पिचकारीनं औषध सोडलं. विष आहे ते. भिंतीला ओठ लावू नका म्हणून पाटी लावली होती, ती सणाला मीच काढून ठेवली, बायका चुंबन घेतल्याशिवाय ऐकत नाहीत म्हणून. मी त्याला विचारलं, डोळ्यात गेलं तर? तो म्हणाला, उरलेली नजरही जाईल. रात्रभर मी त्याच संतिणीला हाका मारत होते जिचा डोळा आपण काढला. तार केली असती, पण तुमच्या गावचा पोस्टमास्तर तुझ्या सासूचा भाऊ, तार तुझ्या हातात पडण्याआधी तिच्या हातात पडली असती आणि तिनं ती लपवून हट्टानं पूड लावली असती. म्हणून हे सोतिरिसच्या हाती देतेय, तुझ्याशिवाय कुणाला देऊ नको असं बजावून. पूड लावली नसशील तर तशीच बांधून ठेव. लावली असशील तर स्वच्छ पाण्यानं डोळे धुवत राहा आणि मिळेल त्या गाडीनं पोराला घेऊन इथे ये, आर्गिरिसनं इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय. तुला कुणी बोलणार नाही. तुझे भाऊजी असते तर तेही बोलले नसते. भिंत गेली तर गेली. सोतिरिस परतीला गाडी वळवण्याआधी तुझ्या दारात थांबेल, कागदाच्या कुठल्याही चिटोऱ्यावर एवढंच लिहून त्याच्याकडे दे की लावलीस की नाही.

तुझीच,
ताई