पस्तीस नंबरची छोटी

तीर्थस्वरूप इर्मगार्डताईस,

धाकट्या एवाल्डचा साष्टांग नमस्कार (गुडघे सुजल्यामुळे तूर्त कागदावरच). तुझं ब्लडप्रेशर, भावोजींची टोमॅटोची रोपं आणि कुंपणावरून शेजारणीशी चाललेलं भांडण ही तिन्ही उत्तम अवस्थेत असतील अशी आशा आहे. मी खुशाल आहे. कालपर्यंत नव्हतो.

फ्रीडरिकेच्या भावी सासूबाईंना, मादाम रनार्दींना, भेटायला मी बेल्जियममध्ये लिएजला गेलो, हे तुला ठाऊकच आहे. आई नसलेल्या पोरीची पाठराखण बापानंच करायची. आणि हा बाप आयुष्यभर संस्कृत नावाची मेलेली भाषा शिकवत आलेला, त्यामुळे जिवंत माणसांशी तो कसा वागेल याची पोरीला धास्ती. फोनवर तिनं बजावलं होतं, "पपा, एकच दिवस सरळ वागा. व्याकरण काढू नका. त्यांना आधीच वाटतंय की तुम्हाला हे लग्न पसंत नाही. स्टेशनवरून टॅक्सी करा आणि वेळेवर या." मी सगळं कबूल केलं. टॅक्सीचा भाग मनातल्या मनात गाळला.

ट्रेनपेक्षा बस स्वस्त. त्या बसहूनही स्वस्त अशी एक बस असते, ती का स्वस्त हे उतरल्यावर कळतं. तिनं आम्हाला शहराबाहेर, म्यूज नदीवरच्या एका पुलाखाली उतरवलं आणि आम्ही मागे धावू नये म्हणून लगेच पळ काढला. बॅगेचं एक चाक तिच्याच पोटात राहिलं. नदीकाठानं मी बॅग ओढत निघालो (काळ्या पावाचा डबा आणि कॉफीचा थर्मास बरोबर होताच, परक्या गावात कॉफी विकत घेणाऱ्यांपैकी मी नव्हे). पुढे त्या गावाचा तो जगप्रसिद्ध जिना लागला. जिना कसला, उभी केलेली गल्ली! अर्ध्यावर एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन माझ्या पुढे गेली आणि वर पोचल्यावर वळून म्हणाली, "या सावकाश, गाव कुठे पळून जात नाही!"

जिन्याच्या माथ्यावरच्या गल्लीत घर होतं. इथे एक शास्त्रीय खुलासा. आपण जर्मन माणसं एकं आधी बोलतो आणि दहं मागून: तीन-आणि-पन्नास. हात मात्र दहं आधी लिहितो. पोरीनं फोनवर पत्ता सांगितला आणि मी कानाला आज्ञाधारक राहून तीन लिहिला, त्यापुढे पाच. 'अङ्कानां वामतो गतिः', आकडे उलटे चालतात, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवतो. विद्यार्थी लक्ष देत नाहीत. मास्तरही देत नाही, हे नव्यानं समजलं.

तर मी पस्तीस नंबरची घंटी वाजवली. नावाची पाटी पावसानं धुऊन गेलेली. दारात एक ठसठशीत बाई. शाळेतल्या फ्रेंचमध्ये मी म्हणालो की जर्मनीहून आलोय, पोरीच्या संदर्भात.

"अहो, मग बाहेर काय उभे? छोटीसाठीच ना? या, या! सकाळपासून वाट बघतेय."

(फ्रीडरिके माझ्याहून वीतभर उंच आहे. पण सासवांना सुना छोट्याच दिसतात, असं मी मनाशी म्हटलं.) बाईंनी साखरेचे खडे घातलेली गरम वाफल पुढे ठेवली आणि थेट विषयाला हात घातला. "हे बघा, लपवाछपवी नको. स्वभावानं सोनं आहे. पण खाते फार."

मी म्हटलं, लहानपणापासूनच.

"सकाळी उठायला नको असतं."

म्हटलं, आईवर गेलीये.

"आणि केस! सोफ्यावर केस, गादीवर केस. बोललं की तोंड फिरवून बसते. माझ्या मुलाला तर परवा चावली."

ताई, हातातली वाफल मी ताटलीत ठेवली. तरी पोरीला दिलेला शब्द आठवून मी फक्त विचारलं, कुठे? "पोटरीला," बाई म्हणाल्या, "पण चूक त्याचीच. तिच्या ताटाला हात लावला त्यानं." मी मान डोलावली. एवढ्यात बाई पुढे झुकून हळूच म्हणाल्या, "आणि मुलंबाळं व्हायची चिंता नको. ती सोय मी डॉक्टरकडून कायमची करून घेतलीय."

मी उभा राहिलो. वाफलही उभी राहिली असावी. मला येतं तेवढं सगळं फ्रेंच एका दमात वापरून मी गरजलो, "बाई! कुणाला विचारून? हे लग्न मोडलं म्हणून समजा!"

"कुणाचं लग्न?" म्हणत बाईंनी शीळ घातली, आणि सोफ्याखालून लांबट, आखूड पायांची, तपकिरी कुत्री जांभई देत बाहेर आली.

संस्कृतात श्लेष नावाचा अलंकार आहे: एकच वाक्य, दोन अर्थ, दोन्ही अखेरपर्यंत बिनचूक. मी तो तीस वर्षं शिकवला; त्यात बसायची वेळ प्रथमच आली. मी मटकन बसलो आणि देवाचे, डॉक्टरांचे, सर्वांचे आभार मानले. बाईंचं नाव मादाम देल्ये. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "लग्न म्हणताय, म्हणजे रनार्दींकडे जायचंय होय? चला, पोचवते. वाफल संपवून घ्या मात्र, तिच्याकडे कॉफीतून कपाचा तळ दिसतो!"

त्रेपन्न नंबरात पोरगी पांढरीफटक होऊन बसली होती: पपा आले नाहीत, म्हणजे पपांना हे लग्न नकोच. मादाम देल्येंनी उंबऱ्यातूनच सगळी कथा अभिनयासह सांगितली. मादाम रनार्दी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "जो माणूस पोरीसाठी परक्याच्या घरात एवढा ओरडतो, त्याला व्याही म्हणायला मला आवडेल." लग्न सप्टेंबरात ठरलं. फ्रीडरिके गळ्यात पडून रडली. मी व्याकरण काढलं नाही.

भावोजींना नमस्कार. गुडघ्यांना सोडून बाकी सर्वांना सुख आहे.

तुझा,
एवाल्ड

ता. क. जर्मनीतल्या आखनहून कुत्री न्यायला येणारे खरे गृहस्थ शेवटपर्यंत आलेच नाहीत. मादाम देल्ये मुलाकडे राहायला निघाल्यात, आणि पोटरीपासून मुलगा कुत्रीचं नाव काढू देत नाही.

ता. क. २. माझ्या घरमालकाला प्राणी चालत नाहीत. तुझ्याकडे बाग आहे.

ता. क. ३. हे पत्र टपालानं पाठवलेलं नाही, मीच तुझ्या हातात दिलंय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तू वाचत होतीस तोवर ती तुझ्या सोफ्यावर चढली आहे. खाली उतरवू नकोस. चावते.