तिसरीच्या वर्गातली खोकी

मोठ्या बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं एक वाक्य मला अजून मान्य नाही. "गरिबाच्या पोरांना टाकाऊच का द्यायचं?" विक्रोळीच्या आपल्या शाळेत, माझ्या तिसरीच्या वर्गाच्या दारात उभं राहून तुम्ही हे विचारलंत, तेही मुलांदेखत. मी नोकरीला नवी होते, उत्तर अर्धवटच दिलं. पुरं आज देते.

तो वर्ग आठवा. वर पत्रे, एकच खिडकी, धुरकट भिंती. मुलं तरटपट्टीवर बसायची आणि पाटी मांडीवर घेऊन, पाठीची कमान करून लिहायची. बाकांसाठी तुम्ही अर्जामागून अर्ज करत होतात आणि वरून 'पैसे नाहीत' एवढंच यायचं. मधल्या सुट्टीत घरी गेलेली कितीतरी मुलं परतच यायची नाहीत. का यावं त्यांनी? मग एका मुलीचे वडील, ते कारखान्यात पॅकिंगला होते, मला म्हणाले, "बाई, मशीनची लाकडी खोकी नुसती जळणात जातात. आणू का?" साहेबांना विचारून त्यांनी हातगाडी भरून आणली. रविवारी आम्ही दोघं ठोकाठोक करत बसलो. "खिळा राहता कामा नये, पोरांचे हात आहेत ना," असं म्हणत ते प्रत्येक फळीवरून स्वतःचा तळवा फिरवत होते. बुटकी मेजं तयार झाली. भिंतीला मी मुलांच्या उंचीवर काळा पट्टा रंगवला, ज्याला हवं त्यानं खडूनं लिहावं म्हणून. सोमवारी मुलं मधली सुट्टी संपायच्या आधीच वर्गात हजर.

आणि तुम्ही आलात. "हे बाहेर काढ."

"बाई, मुलं लिहितायत त्यावर."

"दिसतंय मला. आमच्या वाट्याला जन्मभर लोकांचं उतरलेलंच आलं. कपडे उतरलेले, पुस्तकं उतरलेली. माझ्या शाळेत खोकी नकोत. बाक येतील, हक्काचे येतील."

"आणि तोवर?"

"तोवर मांडीवर पाटी घेऊन बसतील. मी नव्हते बसले?"

शिपायानं मेजं पटांगणात नेऊन रचली. मी मुलांना उठवलं, बाहेर नेलं आणि बदामाच्या झाडाखाली त्याच मेजांवर गणित सुरू केलं. दुसऱ्या दिवशीही तिथेच. शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीतून बघतायत, चौथीच्या बाई दारात येऊन हसू दाबतायत, आणि तुम्ही ऑफिसच्या पायरीवर हाताची घडी घालून उभ्या. तुम्ही मेमो दिलात, माफी लिहून मागितलीत. मी लिहिली नाही. वर्ष संपल्यावर माझी मुलुंडला बदली झाली. तिथे गेल्या गेल्या मी आधी खोकी कुठे मिळतील ते विचारलं. पुढे घाटकोपरला गेले, तिथेही तेच.

तुमचे बाक शेवटी आले. वरच्यांशी भांडून भांडून तुम्हीच आणलेत, असं कळलं. नवे कोरे, पॉलिशचे. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण तोवर माझी तिसरीची मुलं शाळेतून बाहेर पडली होती. काही तर मधेच गळली होती. हक्काचं मागायलाच हवं होतं बाई, आणि तुमच्यासारखं कुणी मागितलं नाही. पण ते येईपर्यंत मूल काही आठ वर्षांचं राहत नाही. आणि ज्या फळ्या एका बापानं हातानं चाचपून दिल्या, त्या टाकाऊ कशा? उद्या पुन्हा नोकरीला लागले तर पुन्हा खोकीच आणीन. तुम्ही पुन्हा बाहेर काढलीत तर पुन्हा बाहेर बसेन.

हे पत्र टाकायचं नाहीच आहे. टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं. तुम्हाला वाटलं असतं, शेवटी मेमोला उत्तर आलं. एकच सांगते. पुढे माझ्यावर कितीतरी मोठ्या बाई आल्या, साहेब आले. मी वर्गात काहीही केलं तरी "करा, करा" म्हणायचे आणि चहा मागवायचे. मुलं कशावर लिहितात यावरून माझ्याशी जीव तोडून भांडणाऱ्या तुम्ही एकट्याच. त्या "करा, करा"नंतर, बाई, मला फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.