आईच्या लॅपटॉपची नवी स्क्रीन

दोक्कम, १४ नोव्हेंबर

प्रिय येल्मर,

हे फोनवर बोलायला मला जमलं नसतं, म्हणून लिहितोय. तुझ्या नॉर्वेत आता दुपारीच अंधार पडत असेल. दिवा लाव आणि बसून वाच. माझं बरं चाललंय. शेजारची बाई वाटाण्याचं सूप आणून देते, चमचा त्यात उभा राहतो. तुझ्या आईनं तरीही ते पातळ आहे म्हणून नाक मुरडलं असतं.

तिच्या दफनाच्या दिवशी सगळे कॉफी घेत होते, तेव्हा तू मला कोपऱ्यात गाठून विचारलंस, "आई माझ्या पत्राबद्दल काही बोलली होती का?" मी म्हणालो, "किती हट्टी होती, तुला माहीतच आहे." तू कप खाली ठेवलास आणि बाहेर गेलास. आईनं शेवटपर्यंत माफ केलं नाही, असं धरून तू परत गेलास आणि मी तुला तसंच जाऊ दिलं. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं. माहीत नसताना ठासून उत्तर द्यायची माझी जुनी खोड.

मार्चमधल्या तिच्या सत्तराव्या वाढदिवसापासून सांगतो. पोस्टमनचाही वाढदिवस संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर लिहून ठेवणारी बाई ती. तिच्या सत्तरीला तू येणार नाहीस म्हटल्यावर फोनवर तुमचं वाजलं, ते मी ऐकलं होतं. त्याच सुमाराला तिच्या लॅपटॉपमध्ये पेन राहिलं आणि तिनं झाकण मिटलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात तडा गेला, काळा डाग पडला. ती म्हणाली, बाकीचं दिसतंय ना, मग राहू दे. मी मात्र मनात म्हटलं, मुलगा येत नाही, निदान नवी स्क्रीन तरी येईल.

तीन आठवडे मी त्याच्यामागे होतो. जुन्यासारखीच घेतली असती तर स्वस्तात काम झालं असतं, पण ती भुरकट, अक्षरं ढोबळ. दुसरी झगझगीत होती, पण आई खिडकीसमोर बसायची, तिला त्यात कालव्यावरच्या होड्याच दिसल्या असत्या. म्हणून तिसरी घेतली, चकाकी नसलेली आणि दुप्पट बारीक ठिपक्यांची. मागच्या जोडणीच्या पिना मोजल्या, स्क्रूची भोकं मोजली. तिच्या खिडकीचा विचार केला, तिच्या डोळ्यांचा केला नाही.

चर्चच्या हॉलमधला आमचा दुरुस्ती कॅफे तुला आठवत असेल. दारावरची पाटी मीच रंगवली आहे: वस्तूच्या मालकानं शेजारी बसायचं. टोस्टर ठेवून बाजारात जायला आम्ही कुणाला देत नाही. मालक शेजारी बसला की तो वस्तू कशी वापरतो ते कळतं, आणि निम्मी दुरुस्ती तिथेच होते. आठ वर्षं मी हे लोकांना ऐकवतोय. आईची स्क्रीन मात्र मी तिच्या नकळत, शेडमध्ये एकट्यानं बसवली. वाढदिवसाची गंमत म्हणून.

पाहुणे गोल मांडलेल्या खुर्च्यांवर केक खात होते, तेव्हा मी लॅपटॉप उघडून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "सुंदर आहे, डौवे." पुढे महिनाभर येईल त्याला मी ती स्क्रीन दाखवत होतो. एकदा तिनं विचारलं, जुनी टाकलीस का? मी तिला चिक्कू म्हणून चिडवलं. ती म्हणाली, असू दे शेडमध्ये. तिनं सायकलही सोडली होती, गुडघा दुखतो म्हणाली. मी त्यावरूनही चिडवलं.

मे महिन्यात तुझं माफीचं पत्र आलं. माझे दोन चष्मे बदलून बघून शेवटी तिनं ते माझ्याकडून वाचून घेतलं, स्वतःचा चष्मा कुठेतरी विसरल्याचं सांगून. मी वाचताना ती खिडकीकडे बघत होती. मी म्हटलं, उत्तर सांग, मी लिहितो. तर म्हणाली, माझ्या मुलाला मीच लिहीन. मग रोज सकाळी ती लॅपटॉपपुढे बसायची. विचारलं की म्हणायची, लिहितेय. ऑक्टोबरात ती बागेत पडली आणि गेली, तोवर लिहीतच होती.

गेल्या शनिवारी मी लॅपटॉप कॅफेत नेला, कुणा गरजूला द्यावा म्हणून. माझ्याच टेबलावर दुरुस्ती करणारी योके मला म्हणाली, बस शेजारी, मालक तूच आहेस आता. तिनं तो उघडला आणि विचारलं, वापरत कोण होतं? मी तुझ्या आईचं नाव घेतलं, आउक्ये. ती स्क्रीनजवळ नाक नेऊन म्हणाली, "डौवे, ही अक्षरं मलाच दिसत नाहीयेत. मोठी का नाही केलीस?" ठिपके बारीक झाले तशी अक्षरंही निम्मी झाली होती; ती मोठी करायचं मला सुचलंच नव्हतं, आणि तसं करता येतं हे आईला ठाऊक नव्हतं. घरी येऊन मी तिचा खण उपसला. डोळ्यांच्या डॉक्टरचं पत्र फेब्रुवारीचं होतं. नजरेच्या मधोमध डाग, वाढत जाणार. तिनं मला सांगितलं नाही. सांगणार होती की काय आणि मी मध्येच स्क्रीन घेऊन आलो, हे आता कुणाला विचारू?

काल मी शेडमधून जुनी तडकलेली स्क्रीन काढली आणि परत बसवली. तिच्यावर न पाठवलेली पत्रं दिसली, सतरा, सगळी तुला. तुला ठाऊक आहे, तीनदा वाचून बघितल्याशिवाय ती पत्र पाकिटात घालत नसे. ही तिला वाचताच येत नव्हती, म्हणून ती पुन्हा पुन्हा नवं लिहायला घेत होती. मी फक्त पहिल्याची पहिली ओळ वाचली: "लाडक्या येल्मर, मी रागावलेली नाही, मला उशीर होतोय एवढंच." पुढे वाचलं नाही, ती पत्रं माझी नाहीत. ती हट्टी होती म्हणून मी तुला सांगितलं ते खोटं होतं, आणि तिला गप्प केलं ते मी, माझ्या हौसेनं. हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. लॅपटॉप पोस्टानं पाठवणार नाही. तो आता तुझा आहे, आणि नियम तुला माहीत आहे. खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत. ये, आणि वाचताना मला शेजारी बसू दे.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
बाबा