अण्णा पाटावरून उठेनात

लोणावळे, ९ मार्च ४३
अण्णांचा निरोप आला. चळवळीची पत्रकं वाटली म्हणून पोलीस यांना हुडकताहेत, आणि हे कुरवंड्यात दूधवाल्या मावशीच्या गोठ्यात लपलेत. निरोप काय, तर परवा आजोबांचं श्राद्ध, दर्भ अन् काळे तीळ पाठवा! म्हटलं, नाही केलं तर आजोबा काय फौजदाराकडे तक्रार करणारेत? आईने डोळे वटारले.

१० मार्च
दर्भ-तीळ आणले, मावशीबरोबर लगेच धाडले. दुकानात शेजारचे दामूकाका. "कुणाचं गं श्राद्ध?"
"आजोबांचं."
"अस्सं! तुला भाऊ नाही, अण्णा परागंदा. मग करणार कोण?"
पुडी उचलून निघाले. संध्याकाळी काका फौजदाराच्या ओट्यावर, खिदळत. मेल्याला दर दिवाळीला फराळाचं ताट देतो आम्ही!

११ मार्च
पहाटेच कुरवंडे. धावत. माझ्याच मागावर पोलीस चढताहेत. अण्णा ओल्या धोतराने पाटावर, जानवं उजव्या खांद्यावर.
"उठा, पोलीस!"
"पिंडदान झाल्याशिवाय उठणार नाही."
मावशी म्हणाली, "भाऊ, मेलेल्याचं ऱ्हाऊ द्या, जित्या पोरीचं ऐका की!" ऐकतील तर शपथ. मी ताम्हनाला लाथ मारली. पिंड, तीळ सगळं शेणात. हो, मारली! अण्णांनी हात उगारला. मावशी मधे पडली, "मारा मागनं, आदी पळा."
भाताच्या रोपांसाठी खाचरात राब रचून ठेवलेला, पाला, गवत, शेण. तिने काडी लावली. उतारभर धूर. पोलीस खोकत, शिव्या घालत खालीच अडकले. अण्णा घाटाने कोकणात उतरले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

१२ मार्च
दामूकाका हजर. "काही कळलं का?" आईने बसायला दिलं, चहा दिला!! मी दार आपटलं.

१६ मार्च
पहाटेच मावशी आली. पोलिसांनी दोन दिवस चौकीवर बसवून ठेवली होती. "म्या म्हनलं, राब दरसाल जाळतो आमी. मला काय ठावं न्हाई." गालावर वळ आहेत. तिच्या भाच्याकडून निरोप आलाय, अण्णा खोपोलीत सुखरूप. आणि माझ्यासाठी, "त्या कार्टीला सांगा, मला तोंड दाखवू नकोस."
आई रडली. मी नाही. जिवंत आहात ना? मग रुसा खुशाल!

दुपारी
दामूकाकांच्या दाराला कुलूप. काकू म्हणाल्या, सकाळीच गेले, खोपोलीला. फौजदार बरोबर आहे.
म्हणजे पहाटे भिंतीला कान लावून आमचंच बोलणं... आई भाकरी बांधतेय. गाडीवर पहारा असेल, घाटाने उतरते. तोंड नाही ना बघायचं? पाठमोरी उभी राहून ओरडेन. उठा म्हणून.