रुखवतातला काळा डबा

डिंडोली, सुरत
५ ऑगस्ट २०२४

चि. सौ. जयूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे कुरिअरने पाठवतोय. लग्नानंतरही साड्यांच्या डिझाइनचं काम तुझ्याकडेच पाठवीन म्हणालो होतो, ते राहून गेलं. रुसवा त्याचाच, ठाऊक आहे.

दुकानाच्या कॉम्प्युटरची आतली डिस्क बसली. सुरू केला की कट-कट आवाज येतो आणि पडदा काळाच. सगळी डिझाइनं आत अडकलीत. भरतकामाची मशीनं उभी, दिवाळीचा सीझन तोंडावर, आणि मार्केटातला वेपारी काही थांबायचा नाही. लग्नाआधी तू सगळ्याची नक्कल ज्या बाहेरच्या डिस्कवर घेतली होतीस, तो काळा डबा तेवढा पाठव. तुझी पुष्पावहिनी आणि आमची छोटी धनश्री मजेत. हिलालरावांना नमस्कार. लोभ आहेच, तो फोन उचलून वाढवावा.

तुझा दादा,
गजेंद्र

नंदुरबार
९ ऑगस्ट

ती. गजूदादास शि. सा. नमस्कार.

काळा डबा बरा आठवला! हातची कला म्हणून मी तो रुखवतात मांडला होता, तर हसं होईल म्हणून तूच उचलून टेबलाखाली सारलास. मी काढलेली प्रत्येक वेल, प्रत्येक बुट्टी त्यात आहे. तुझ्या कार्डावर डिझायनर म्हणून तुझं नाव छापलंय, तेही पाहिलंय मी. राग आहेच. तरी आईने उभं केलेलं दुकान बंद पडलेलं मला बघवणार नाही.

नीट वाच. त्यात नुसती डिझाइनं नाहीत, अख्खा कॉम्प्युटर आहे. कॉम्प्युटर बंद असताना डब्याची तार जोड. सुरू करून कंपनीचं नाव दिसताच एफ-बाराचं बटण दाबत राहा. यादी येईल, त्यात बाहेरची डिस्क निवड, म्हणजे कॉम्प्युटर तिच्यावरूनच सुरू होईल. चालू असताना तारेला कुणाचा हात लागू देऊ नकोस. मग नवी डिस्क बसवून सगळं तिच्यावर उतरवून घे.

एकच सांगणं. यांनी माझ्यासाठी जुना कॉम्प्युटर आणलाय. गणपतीत मी स्वतःचं काम सुरू करणार आहे, ते याच डब्याच्या जोरावर. दुसरी नक्कल माझ्याकडे नाही. जसा आहे तसा परत पाठव. सोबत राखी आहे, धनश्रीकडून बांधून घे. माया असू द्यावी.

तुझी,
जयू

डिंडोली, सुरत
२४ ऑगस्ट

चि. सौ. जयूस अ. उ. आशीर्वाद.

तू लिहिलंस तसंच केलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर तू लावलेला आईचा फोटो आला, शिलाई मशीनवर वाकलेली. खरं सांगतो, रडलो. आता नवी डिस्क बसवून सगळं तिच्यावर घेतलंय. मशीनं धडधडताहेत, वेपारी खूश आहे.

तुझं काम सुरू होतंय, आनंदच आहे. पण दुकानाची डिझाइनं दुकानातच राहिलेली बरी. उद्या तीच साडी नंदुरबारहून बाजारात आली, तर वेपारी मला दारात उभं करणार नाही. म्हणून डबा कोरा करून पाठवतोय. घरचे फोटो ठेवायला उपयोगी पडेल. ओवाळणीची साडी सोबत आहे, आपल्याच भरतकामाची. मनात काही ठेवू नये, लोभ राखावा.

तुझा दादा,
गजेंद्र

नंदुरबार
३० ऑगस्ट

ती. दादास नमस्कार.

डबा मिळाला. लावून पाहिला, कोरा आहे. हे म्हणाले, तार खराब असेल, दुसरी आणू. मी हो म्हणाले. नवऱ्यासमोर भावाचं नाव घ्यायची लाज वाटली.

साडीच्या पदरावरची वेल मी आईच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून काढली होती. साडी नेसणार नाही. समोर पसरून तिच्यावरून ती वेल पुन्हा काढायला घेतलीय. बाकीच्या जशा आठवतील तशा. तुझी नवी डिस्कही कधीतरी जुनीसारखीच बंद पडेल, तेव्हा यादीत बाहेरची डिस्क शोधू नकोस.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे, मी मागत नाही. डिझाइनं दुकानाची होती म्हणतोस. डब्यातला आईचा फोटो कुणाचा होता, तेवढं कळव.

जयश्री हिलाल बोरसे